एकवीस दिवस, आठ तास आणि माझं शून्य

महोदय,
स.न.वि.वि.

परवाच्या पुरवणीतला छंदांबद्दलचा अर्ध्या पानाचा लेख रात्री मागचं सगळं आवरल्यावर वाचला. म्हणजे लेखकमहाशयांच्या हिशेबानं ज्या वेळात मी 'स्वतःसाठी काहीतरी' करायला हवं होतं, नेमक्या त्याच वेळात. वाचायला वीस मिनिटं लागली, चिडायला पाऊण तास. ही पासष्ट मिनिटं त्यांनी कुठल्या खात्यात धरली असती, कोण जाणे.

लेखाची भाषा सुबक आहे, चौकटीही छान आखल्या आहेत. तक्रार आतल्या गणिताची आहे.

चोवीस तासांतले आठ झोपेचे, आठ कामाचे, मग उरलेल्या आठ तासांचं तुम्ही करता काय, असा त्यांचा सवाल. 'वेळ नाही' म्हणणारा स्वतःलाच फसवतो म्हणे. हे आठ-आठ-आठ त्यांनी जणू स्वतः शोधल्यासारखं मांडलंय म्हणून सांगते. रॉबर्ट ओवेन नावाच्या एका गिरणीवाल्यानं 1817 मध्ये ही घोषणा दिली: आठ तास काम, आठ तास करमणूक, आठ तास विश्रांती. तेव्हा गिरण्यांत माणसं बारा-चौदा तास राबत होती. पुढे शंभर वर्षं कामगार त्यासाठी भांडले, तेव्हा कुठं 1919 मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या पहिल्याच करारात दिवसाला 8 आणि आठवड्याला 48 तासांची मर्यादा आली. काम आवरतं घ्या, असं मालकाला बजावण्यासाठी निघालेली ही घोषणा. आपले लेखक तीच उलटी धरून राबणाऱ्यालाच दरडावतात, 'तुझे आठ तास दाखव!' हा न्याय मला तरी नवीन आहे.

आता मागितलाच आहे हिशेब, तर घ्या. सव्वादोन तास कामावर जाण्या-येण्यात. साडेतीन तास घरातली कामं, त्यातली निम्मी दुसऱ्यांची. अर्धा तास फोन, त्यातले तीन चतुर्थांश कार्यालयाचे, जे कामाच्या आठ तासांत धरायचे नसतात. उरलेल्या वेळात मी बसते. नुसती बसते. हेही करावं लागतं. पहाटे पाचला उठण्याच्या सल्ल्यावर मी काही लिहीत नाही, कारण ज्यांना पाचला उठावंच लागतं त्यांना तो वाचायला वेळ नसतो.

पण खरं घोडं अडलं ते एकविसाव्या दिवसापाशी. '21 दिवस खंड न पाडता करा, सवय लागलीच समजा. एक दिवस चुकला की पुन्हा पहिल्यापासून.' हे वाक्य तुमच्या पुरवणीत दरवर्षी कुठल्या ना कुठल्या सदरात येतं, त्यामुळे एकट्या या लेखकांना दोष देत नाही. पण मूळ कुणीतरी तपासायला नको का? मॅक्सवेल मॉल्ट्झ हे अमेरिकेतले प्लास्टिक सर्जन. शस्त्रक्रियेनंतर रुग्णांना आपला नवा चेहरा आपलासा वाटायला किमान 21 दिवसांच्या आसपास जातात, असं त्यांनी 1960 च्या आपल्या पुस्तकात नोंदवलं. 'किमान' आणि 'आसपास' हे दोन शब्द पुढं कधी गळाले कुणास ठाऊक. नव्या नाकाची सवय होणं आणि रोज कागद-ब्रश घेऊन बसणं यांत काही फरक असावा, अशी माझी अल्प समजूत.

सवयीचा खरोखर माग काढला तो लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. 96 जण, 84 दिवस, आणि प्रत्येकानं स्वतः निवडलेली एक साधी रोजची गोष्ट. ती आपसूक व्हायला कुणाला 18 दिवस लागले, तर कुणाला गणितानं पुढे ओढून पाहिलं तेव्हा 254 दिवस लागतील असं निघालं. मधला आकडा 66. आणि लेखकांनी डोळे उघडे ठेवून वाचावं असं म्हणजे, एखादा दिवस चुकल्यानं सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही.

हे मला आधी माहीत असतं, तर माझे आठ महिने वाचले असते.

मी जलरंगात चित्रं काढते. 'काढते' हे क्रियापद वर्तमानकाळात लिहिण्याचं धाडस अलीकडेच परत आलंय. मागच्या वर्षी अशाच एका लेखाच्या नादी लागून (तुमच्याच दैनिकात होता, कात्रण अजून आहे) मी मोबाइलवर सवयी मोजणारं एक अ‍ॅप घेतलं. चित्र काढलं की खूण करायची, खाली आकडा वाढतो, शेजारी ज्वाळा पेटते. पहिल्या महिन्यात मजा वाटली. तिसऱ्या महिन्यात माझ्या लक्षात आलं की मी चित्र काढत नाहीये, ज्वाळा सांभाळतेय. पावणेबाराला कागदावर एक रेघ ओढायची, खूण करायची, झोपायचं. असे 143 दिवस झाले.

144 व्या दिवशी सासूबाई न्हाणीघरात पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. ती रात्र रुग्णालयाच्या बाकावर गेली. समोरच्या बाकावर एक म्हातारे गृहस्थ बसल्या बसल्या झोपले होते. एका हातात चपला, दुसरा हात शेजारच्या पिशवीवर, ती कुणी नेऊ नये म्हणून. माझ्याकडे एक्स-रेचं पाकीट आणि बॉलपेन. त्या पाकिटावर मी त्यांना काढलं. पिशवीवरचा हात तीनदा काढला. त्या वर्षातलं जपून ठेवावं असं माझं एकच चित्र आहे, ते हे.

सकाळी मोबाइल उघडला. रात्री बाराच्या आत खूण केली नव्हती. आकडा शून्य. ज्वाळा विझलेली, वर हसरा संदेश, 'हरकत नाही, पुन्हा सुरुवात करू या!' मी अ‍ॅपच्या मदत विभागाला लिहिलं की त्या दिवशी मी चित्र काढलं होतं. उत्तर आलं की मागच्या तारखेची खूण करण्याची सोय पैसे भरणाऱ्या सदस्यांना आहे. महोदय, मी पन्नाशीच्या पुढची बाई. हिशेब तपासणे हा माझा पोटापाण्याचा धंदा. तरी त्या शून्याकडे बघून मला रडू आलं, हे मी इथं कबूल करते, कारण पत्राखाली नाव छापू नका असं सांगणारच आहे.

त्यानंतर आठ महिने ब्रशला हात लावला नाही. आधी सासूबाईंचं दुखणं, मग वर्षअखेरचा हिशेब, मग त्या हिशेबावरचे आक्षेप. कारणं खरी होती, पण आठ महिन्यांत दहा मिनिटंही मिळाली नाहीत असं शपथेवर सांगणार नाही. एकशे त्रेचाळीस पुन्हा चढायचे या विचारानंच पाय मोडायचे.

आणि कागदाची गोष्ट तर राहिलीच. मी चार वर्षांपूर्वी शंभर टक्के सुती, चौरस मीटरला 300 ग्रॅम भरणाऱ्या जाड कागदाचे दहा ताव घेऊन ठेवले होते. निवांतपणा मिळाला की मोठं काहीतरी करायचं, म्हणून. असला कागद तयार करताना त्याला जिलेटिनचं सरस देतात. त्यामुळे रंग वरच्या वर थांबतो, ओल्यात ओला मिसळता येतो. हे सरस दमट हवेत वर्षानुवर्षं ठेवलं की मरतं. गेल्या महिन्यात एकदाचा ताव काढला, त्यावर पातळ निळा फिरवला, तर जागोजागी टीपकागदासारखा शोषला गेला आणि काळपट डाग उमटले. दहाच्या दहा ताव गेले. निवांतपणा यायचाच होता अजून.

फेकवेनात, म्हणून एका तावाचे सोळा तुकडे केले. साडेपाच बाय साडेसात इंचांचा एकेक. बिघडलेल्याच कागदावर काय भ्यायचं! पेनानं रेखाटायचं, डाग पडला तर डागाचं झाड करायचं. ट्यूबची टोपणं डिंकानं घट्ट बसली होती, गरम पाण्यात धरल्यावर निघाली. दोन ट्यूब आत दगड झाल्या होत्या, त्या पात्यानं उभ्या चिरल्या आणि आतला रंग वडीसारखा पाण्यानं भिजवून वापरला. जलरंगाचं हे बरं, वाळला म्हणून मरत नाही. आणि सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट म्हणजे रंगांची पेटी कपाटातून काढून जेवणाच्या टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवली, उघडी. घरातल्यांनी दोन दिवस कुरकूर केली, आता तिच्या भोवतीनं ताटं मांडतात. पूर्वी काढण्या-मांडण्यातच अर्धा तास जायचा. आता नऊ मिनिटं मिळाली तर नऊ मिनिटं. आठवड्यातून तीनदा होतं, कधी एकदाही होत नाही. एकूण किती तुकडे झाले ते मोजलेलं नाही आणि धंदा हिशेबाचा असूनही मोजणार नाही.

लेखकमहाशयांना माझा नमस्कार सांगावा. 'वर्षाची पाच उद्दिष्टं भिंतीवर लावा' या त्यांच्या सूचनेवर मी विचार केला. आमच्या कार्यालयाच्या भिंतीवर सात आहेत. घरी भिंत कोरी असलेली बरी वाटते.

लेखासोबत त्यांचं छायाचित्र छापलं होतं. काल गाडीची वाट बघताना त्या पानाच्याच कोऱ्या कडेवर पेनानं ते काढून पाहिलं. अकरा मिनिटं लागली. चष्मा बरा जमलाय, मिशीनं मात्र घोटाळा केला.

कळावे, लोभ असावा.

आपली जुनी वाचक
(नाव छापू नये)

ता. क. त्या अर्ध्या पानाला जागा करण्यासाठी शब्दकोडं खाली सरकवून त्याचे चौकोन इतके बारीक केलेत की त्यात जोडाक्षर मावत नाही. छंदांवर लेख छापायचा आणि वाचकांचा असलेला छंद आवळायचा, याला काय म्हणावं? शिवाय उत्तर आता दुसऱ्या दिवशी न देता त्याच पानावर उलटं छापता. माझ्यासारखीचा तेवढा संयम नाही, पान आपोआप फिरतं. आणि परवाच्या कोड्यात उभा 9 आणि आडवा 12 एकमेकांत बसत नाहीत. तुमचं उत्तर पाहूनही बसत नाहीत.