फिशरच्या आवारातला फ्लॅट

शिल्टिगहाइम,
रविवार

प्रिय दत्ता,
सप्रेम नमस्कार.

आम्ही सर्व खुशाल आहोत; माझी साखर होती तिथेच आहे. पत्राचे कारण वाचून तू आधी हसणार, हे मला ठाऊक आहे. सुमेधाने फ्लॅट पसंत केला आहे, आणि तो बंद पडलेल्या फिशर ब्रुअरीच्या, म्हणजे बिअरच्या कारखान्याच्या, आवारात आहे.

तू आला होतास तेव्हा बसमधून उतरताच उकळत्या सातूच्या वासाने नाकाला रुमाल लावला होतास. तो वास या गावाची ओळख होती. शेजारच्या स्ट्रासबुर्गमध्ये, म्हणजे फ्रान्समधल्या या मोठ्या शहरात, जमिनीखालचे पाणी इतके वर आहे की बिअर थंड ठेवायला खोल तळघरे खणता येत नाहीत, म्हणून एकोणिसाव्या शतकात तिथले कारखानदार एकामागून एक या उंचवट्यावर आले. फिशर आली ती १८५४ मध्ये. पुढे अडेलशोफेन २००० मध्ये बंद झाली, शुत्झेनबेर्जे २००६ मध्ये आणि फिशर २००९ मध्ये. मोठ्यांपैकी उरली होती एस्पेरान्स; तीही तीन वर्षांत बंद करण्याचे तिच्या मालक कंपनीने, हायनेकेनने, नोव्हेंबर २०२२ मध्ये जाहीर केले, तेव्हा सुमारे २२० जणांच्या नोकऱ्यांचा प्रश्न उभा राहिला. (तुझी किंगफिशरही आता त्याच कंपनीच्या ताब्यात आहे, तेव्हा शनिवारी ग्लास फार ऐटीत उचलू नकोस.)

फ्लॅट चांगला आहे, हीच पंचाईत आहे. सातूला मोड आणून भाजायची जुनी इमारत राखली आहे, आणि दलाल ती गॅलरीतून अशा थाटात दाखवत होता की जणू त्याच्या आजोबांनीच बांधली असावी. सुमेधा खूश आहे. मी मात्र आमच्या सध्याच्या घराखाली राहणाऱ्या म्हाताऱ्या गृहस्थांचा विचार करत होतो. त्यांचा जन्म फिशरच्या बाटल्या भरण्यात गेला. तारेच्या खटक्याची, चिनी मातीच्या बुचाची ती बाटली त्यांनीच आम्हाला दिली, आणि सुमेधा तिच्यात अजून फोडणीचे तेल ठेवते. आम्ही घर बदलणार हे त्यांना कळले आहे. कुठे जाणार ते मी अजून सांगितलेले नाही. जिन्यात भेटले की मी हवापाण्यावर बोलतो, आणि तेही बिचारे सभ्यपणे हवापाण्यावरच बोलतात.

गिरणीच्या जागेवरच्या टॉवरमध्ये तू घर घेतलेस तेव्हा मी तुझ्याशी सहा महिने अबोला धरला होता. त्या वेळी जे बोललो त्यातला एकही शब्द मी मागे घेत नाही, आणि तूही तशी अपेक्षा धरू नकोस. चाळीतल्या खोलीत तुम्ही सातजण कसे राहत होता ते मला दिसत नव्हते असेही नाही. पण तो वाद राहू दे. नाहीतर तू पुन्हा संपावर येशील आणि मूळ मुद्दा बाजूला पडेल.

चिरंजीवाला नोकरी लागल्याचे कळले, आनंद झाला. वहिनींचा गुडघा आता बरा असेल.

मला एवढेच कळव: आप्पांनी त्या गिरणीत तीस वर्षे काढली होती, तर त्यांना तू घराचे कसे सांगितलेस? आधी सांगितलेस की सही झाल्यावर? आणि ते काय म्हणाले, ते जसेच्या तसे लिही, माझी भीड धरू नकोस. महिनाअखेरीस बयाणा द्यायचा आहे.

तुझा,
सुहास