लेकीस पत्र: पॉइंट्स, रिंग्ज आणि तुझी अठरा मिनिटं

प्रिय छकुली,

काल तू फोन ठेवलास तेव्हा तुझ्याकडे रात्रीचे अकरा वाजून गेले होते आणि सकाळी तुझं वेट ट्रेनिंग होतं, म्हणून मी परत लावला नाही. बाबा म्हणाले, लिही तिला, फोनवर तुम्ही दोघी एकमेकींचं वाक्य पुरं होऊ देत नाही. म्हणून लिहायला बसले. गुडघ्याचा विषय काढायचा नाही असं ठरवलं आहे.

इथे बेंचवरून येऊन अठरा मिनिटं बास्केटबॉल खेळण्यापेक्षा दुसऱ्या कॉलेजात जाऊन स्टार व्हायचं, मॅचला वीस पॉइंट्सची सरासरी करायची, हा तुझा विचार ऐकून मी बोलले तेव्हा तू म्हणालीस, "तुला फक्त कप दिसतो, मी दिसत नाही." ते फार लागलं मला. तुमची टीम कॉन्फरन्स, म्हणजे तुमच्या गटातल्या कॉलेजांची स्पर्धा, जिंकली याचा आनंद आहेच. पण त्या मॅचचं मी पुन्हा पुन्हा मागे नेऊन पाहिलं ते वेगळंच. तिसऱ्या क्वार्टरला तू त्यांच्या पॉइंट गार्डला, म्हणजे बॉल पुढे आणणाऱ्या मुलीला, साइडलाइनकडे दाबत नेलंस, तिचा उजवा हात बंद केलास, दहा सेकंदांत तिला हाफ लाइन ओलांडता आली नाही आणि शिट्टी वाजली. बॉक्स स्कोअरमध्ये, मॅचच्या आकड्यांच्या तक्त्यात, ते त्यांच्या खात्यात टर्नओव्हर, म्हणजे गमावलेला बॉल, म्हणून गेलं. तुझ्या नावापुढे काहीच नाही, बॉल हिसकावल्याचा स्टीलसुद्धा नाही. अठरा मिनिटं, सहा पॉइंट्स, दोन रिबाउंड, एवढीच तुझी ओळ. मला तू त्या ओळीबाहेर दिसतेस, छकुली.

आता मुद्द्याचं. रिंग्ज, म्हणजे चॅम्पियन टीमला मिळणाऱ्या अंगठ्या, मोजून खेळाडूची किंमत करणाऱ्यांचं मला कधीच पटलं नाही, तेव्हा मी त्या बाजूने बोलते आहे असं समजू नकोस. एनबीएत, अमेरिकेच्या व्यावसायिक लीगमध्ये, खेळलेल्या रॉबर्ट हॉरीकडे सात रिंग्ज आहेत आणि कारकिर्दीची सरासरी सात पॉइंट्सची. ऑल-स्टार तो एकदाही नव्हता. कार्ल मलोन दोनदा एमव्हीपी, म्हणजे सीझनचा सर्वोत्तम खेळाडू, झाला, त्याच्याकडे एकही रिंग नाही. जॉन स्टॉकटनकडेही नाही, आणि त्याचे १५,८०६ असिस्ट (दुसऱ्याला बास्केट करून देणारे पास) अजून कोणी गाठलेले नाहीत. म्हणून हॉरी मलोनपेक्षा मोठा असं कोणी म्हणत नाही. एल्जिन बेलर तर आठ फायनल हरला. १९७१-७२च्या सीझनच्या सुरुवातीला दुखऱ्या गुडघ्यांनी त्याला थांबवलं, आणि तो थांबल्याबरोबर लेकर्सनी सलग ३३ मॅचेस जिंकल्या, पुढे कपही. त्यात त्याचा काय दोष? रिंगमध्ये नशिबाचा, ड्राफ्टचा (कोणता नवा खेळाडू कोणत्या टीमला मिळतो त्याचा), बरोबरच्या माणसांचा वाटा मोठा असतो.

पण वीस पॉइंट्सची सरासरीही तितकीच फसवी असते, आणि काल तू तिच्याचबद्दल बोलत होतीस. विल्ट चेंबरलेनचा १९६१-६२चा सीझन घे. सरासरी ५०.४ पॉइंट्स. त्याच वर्षी २ मार्चला हर्शी गावात एका मॅचमध्ये १००. दर मॅचला जवळजवळ चाळीस शॉट्स घेत होता तो. आणि एमव्हीपी कोण? बॉस्टनचा बिल रसेल, ज्याची कारकिर्दीची सरासरी १५.१ आहे. तेव्हा एमव्हीपी खेळाडूच निवडायचे, आणि आपल्याला कोण जिंकू देत नाही हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. रसेल शॉट अडवताना बॉल स्टँडमध्ये भिरकावायचा नाही, कोर्टातच आपल्या माणसाकडे ढकलायचा, की तिथूनच फास्ट ब्रेक सुरू. त्या काळी ब्लॉकची नोंदच होत नव्हती. तेरा सीझन, अकरा कप. त्या वर्षी विल्टची टीम बॉस्टनशी सातव्या मॅचला दोन पॉइंटनी हरली.

पुढचं जास्त महत्त्वाचं आहे आणि ते फार कोणी सांगत नाही. १९६६-६७ला फिलाडेल्फियात कोच ॲलेक्स हॅनम यांनी विल्टला शॉट्स कमी करायला लावले. मॅचमागे चौदा शॉट्स. सरासरी २४वर आली, असिस्ट आठच्या जवळ गेले, आणि सलग सात वर्षं स्कोअरिंगमध्ये पहिला असलेला माणूस त्या वर्षी पहिला राहिला नाही. टीमने ८१पैकी ६८ मॅचेस जिंकल्या, बॉस्टनची सलग आठ कपांची साखळी तोडली आणि चॅम्पियन झाली. विल्ट काही लहान झाला नाही. पास देऊन फायदा व्हायला समोर बास्केट करणारी माणसं लागतात, ती त्याच्याकडे होती: हॅल ग्रीर, चेट वॉकर आणि बेंचवरून येणारा बिली कनिंगहॅम. हो, बेंचवरून. तोही पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेला.

तुला जुनी उदाहरणं दिली की तू म्हणतेस, "आई, तेव्हा थ्री-पॉइंट लाइनपण नव्हती." बरं, तुझ्याच खेळातलं घे. २०२४ची कॉलेजची फायनल, आयोवा आणि साउथ कॅरोलायना. केटलिन क्लार्कने पहिल्याच क्वार्टरला १८ पॉइंट्स केले, आयोवा सात पॉइंटनी पुढे. मॅच संपली तेव्हा तिचे ३० झाले होते, म्हणजे उरलेल्या तीन क्वार्टर्समध्ये बारा. का? रेव्हन जॉन्सन तिला चिकटली, आणि जॉन्सन दमली तरी तिच्या जागी ताजे पाय येत होते. साउथ कॅरोलायनाच्या बेंचने ३७ पॉइंट्स केले, आयोवाच्या बेंचने शून्य. बेंचवरून आलेली टेसा जॉन्सन, पहिल्या वर्षाची मुलगी, १९ पॉइंट्स करून गेली. ८७-७५. टीम ३८-० अशी अपराजित. क्लार्क त्या कोर्टवरची सगळ्यात मोठी खेळाडू होती यात मला शंका नाही, आणि रिंग नसल्याने ती उणी ठरत नाही. पण त्या रात्री चौथ्या क्वार्टरला तिच्या पायांकडे बघ. शॉट रिमच्या पुढच्या कडेला लागायला लागला की समजायचं, पाय संपले. दमलेल्या पायांवर माणूस उडी मारून नीट उतरत नाही. गुडघा आत वळतो.

बघ, आलाच विषय.

आता आलाच आहे तर लिहून टाकते, मग पुन्हा नाही. ते दुसरं कॉलेज तुला ३६-३७ मिनिटं देणार, प्रत्येक पझेशनला, म्हणजे टीमकडे बॉल आला की दर वेळी, तो तुझ्या हातात. समोरच्या टीमची सगळ्यात चांगली डिफेंडर तुझ्या अंगावर, पिक अँड रोलला (मैत्रिणीच्या आडोशाने बॉल घेऊन पुढे जाताना) दोघींचा ट्रॅप, लेनमध्ये दुसरीचा धक्का. तुझ्या एसीएलच्या, गुडघा आतून धरून ठेवणाऱ्या बंधाच्या, ऑपरेशनला अजून दोन वर्षंही झालेली नाहीत. तिथे बसवलेला ग्राफ्ट तुझ्याच हॅमस्ट्रिंगचा, मांडीच्या मागच्या स्नायूचा, घेतलेला आहे, म्हणजे गुडघ्याला मागून धरून ठेवणारा स्नायू त्या पायात मुळातच कमी जोराचा. खेळायची परवानगी मिळाली म्हणजे पाय पहिल्यासारखा झाला असं नाही. क्वाड (मांडीच्या पुढचा स्नायू) आणि हॅमस्ट्रिंगची ताकद दुसऱ्या पायाच्या नव्वद टक्क्यांच्या वर हवी, एका पायाच्या उडीतही तेवढंच, आणि हे दमल्यावर मोजायला हवं, सकाळी ताजी असताना नाही. डेरिक रोझ बाविसाव्या वर्षी एमव्हीपी झाला, इतक्या लहान वयात अजून कोणी झालेलं नाही. पुढच्याच वर्षी प्लेऑफच्या पहिल्या मॅचला, टीम बारा पॉइंटनी पुढे, दीड मिनिटाच्या आत खेळ उरलेला, आणि तो कोर्टवरच होता. तिथेच एसीएल गेला. जिंकलेल्या मॅचमध्ये स्टारला बाहेर काढायला कोणी धजावत नाही, छकुली, ही माझी भीती आहे. तुला घाबरवायचं नव्हतं. भाषण झालं, माफ कर.

पेज ब्यूकर्सबद्दलही तेवढंच सांगायला हवं, नाहीतर मी एकच बाजू मांडली असं होईल. कॉलेजच्या पहिल्याच वर्षी देशातली सर्वोत्तम खेळाडू. मग २०२२च्या ऑगस्टमध्ये एसीएल, पुढचा अख्खा सीझन बाहेर. परत आली, आणि २०२५मध्ये तिच्या कॉलेजच्या शेवटच्या मॅचला कप मिळाला. त्याच स्पर्धेत ओक्लाहोमाविरुद्ध ४० करणाऱ्या मुलीने फायनलला १७ केले. तिच्याच टीममधल्या ॲझी फड आणि सारा स्ट्राँग, दोघींचे २४-२४. फडचाही एसीएल झालेलाच. म्हणजे परत येता येतं, स्टारही होता येतं आणि वेळ आली की मागेही सरता येतं. तुझ्यात तो गुण आहे. बारा वर्षांची असताना अंडर-१४च्या निवडीला सगळ्या मुली शॉट मारून दाखवत होत्या आणि तू प्रत्येक वेळी बॉक्स आउट करत होतीस, रिबाउंडसाठी समोरचीला अंगाने मागे अडवत होतीस. निवड समितीतल्या बाई मला म्हणाल्या, ही कोणाची हो? आजीने त्या दिवशी तुझ्यासाठी पुरणपोळी केली होती, आणि तू कोर्टच्या धुळीच्या हातांनीच खाल्लीस. असो. काय सांगत होते मी?

हां, बदली. जायचंच असेल तर कारण मला पटेल असं सांग. "मला बॉल हातात घेऊन पिक अँड रोलमध्ये निर्णय घ्यायला शिकायचंय" हे मला शंभर टक्के पटतं. बेंचवर बसून ते येत नाही. "माझे पॉइंट्स दिसायला हवेत" हे पटत नाही. आणि ट्रान्सफर पोर्टलमध्ये, कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीत, नाव टाकण्याआधी काही गोष्टी लेखी घे. नाव टाकलं की आत्ताचं कॉलेज सत्र संपल्यावर तुझी स्कॉलरशिप बंद करू शकतं, मग तिकडचं फिसकटलं तर परत येण्याची हमी कोणी देत नाही. तुझ्या एफ-१ व्हिसामुळे नवीन आय-२० (कॉलेज देतं तो व्हिसाचा कागद) आणि सेव्हिसची (सरकारी विद्यार्थी-नोंदीची) बदली लागेल, तर इंटरनॅशनल ऑफिसमध्ये आधी जा, कोचकडे नंतर. स्टार झालीस म्हणून जाहिरातीचे पैसे मिळतील असं कोणी म्हणालं तर तेही तिथेच विचार. अमेरिकन मुलींना जे चालतं ते स्टुडंट व्हिसावर चालेलच असं नाही.

त्या नव्या कोचना विचार: तुमच्या गेल्या वर्षीच्या पॉइंट्सपैकी किती पॉइंट्स करणाऱ्या मुली परत येताहेत? दुसऱ्या नंबरची स्कोअरर कोण? मला डबल टीम केलं तर कोपऱ्यात उभी कोण असेल आणि तिची थ्रीची टक्केवारी काय? याचं उत्तर गुळमुळीत आलं तर समज, तुझी सरासरी वीस होईल आणि टर्नओव्हर पाच. आणि हेही विचार की गेल्या तीन सीझनमध्ये त्यांच्या टीममध्ये किती मुलींचे गुडघे गेले, आणि टीमबरोबर प्रवासाला ॲथलेटिक ट्रेनर असते का. हा प्रश्न मी कोच म्हणून सांगते आहे. थोडा आई म्हणूनही.

राहिलीस तर ती अठरा मिनिटं नीट वापर. सुरुवातीची पाच-सहा मिनिटं बेंचवर तुझी शाळा असते. त्यांची गार्ड स्क्रीनवर डाव्या हाताने जाते का, त्यांची सेंटर बाहेर येऊन अडवते की मागे सरकते, रेफ्री हँड-चेक (हाताने अडवल्याचा फाउल) देताहेत का, एवढं पाहून ठेवलंस की आत जाताना तू सुरुवातीच्या पाचजणींपेक्षा पुढे असतेस. बसल्या बसल्या पाय गार होतात, म्हणून जागा असेल तर मागे सायकल, नाहीतर टाइम-आउटला उभं राहून टाच वर-खाली, हलके स्क्वॉट. गार पायांनी पहिला झटक्याचा कट मारू नकोस. आत गेल्यावर पहिली दोन पझेशन्स शॉट शोधायचा नाही. एक डिफेन्स, एक स्क्रीन, एक ऑफेन्सिव्ह रिबाउंडला धाव. बेंचवरून येणाऱ्या मुली फसतात त्या इथेच. आल्या आल्या शॉट घाईने मारतात, चुकतो, मान खाली जाते आणि मागे धावायला उशीर होतो. शॉट तुझ्याकडे येईल, दुसऱ्या किंवा तिसऱ्या पासवर.

आणि कोच मॅडमना भेट, ईमेल नको. "मी स्टार्ट का करत नाही" असं विचारू नकोस. "शेवटच्या पाच मिनिटांत मला कोर्टवर ठेवण्यासाठी तुम्हाला माझ्यात काय हवंय" असं विचार. त्यांचं उत्तर लिहून घे आणि मला कळव. ते ऐकून तुला जावंसंच वाटलं तर मी आड येणार नाही, बाबांशी पैशांचं मी बोलून घेते.

आत्याचं ऑपरेशन पुढे गेलं आहे, आता दिवाळीनंतर. दादाने तुझी ती कॉन्फरन्सची क्लिप सगळ्या सोसायटीला दाखवली, खालच्या काकांना दहा सेकंदांचा नियमही समजावून सांगितला. आजीला पॉइंट्स कळत नाहीत, ती फक्त विचारते, पडली तर नाही ना पोरगी?

फिजिओची पुढची टेस्ट या महिन्यात आहे ना? दोन्ही पायांचे आकडे वेगवेगळे पाठव, नुसतं "ठीक आहे" नको.

तुझी,
आई