टोर्नाडोच्या रात्री रेडिओ स्टेशनात एक माणूस ठेवा की साहेब : एफसीसीच्या चेअरमनना खुलं पत्र

श्री. ब्रेंडन कार साहेब,
चेअरमन, फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन (एफसीसी, म्हणजे अमेरिकेतल्या रेडिओ-टीव्हीला लायसन्स देणारं सरकारी कमिशन), वॉशिंग्टन डीसी

स.न.वि.वि.

पत्र मराठीत आहे म्हणजे तुमच्यापर्यंत पोचायचा चान्स कमीच, पण इंग्रजीत तुमच्याकडं कमेंट टाकून झालीय आणि तिथं मन काही मोकळं होत नाही, शिवाय अमेरिकेत अशा आडबाजूच्या गावांत आपली माणसं भरपूर आहेत, त्यांनीही वाचावं म्हणून.

मी अलाबामातल्या हंट्सविलला राहतो. नासाचं मार्शल सेंटर, रॉकेटं, ते गाव. २०२० च्या जनगणनेत २ लाख १५ हजार लोकसंख्या, आणि एवढ्यावर ते अलाबामातलं सगळ्यात मोठं शहर! आमच्या सांगलीपुढं छोटंच म्हणायचं. एफएमवर काटा फिरवला तर स्टेशनं मात्र ढीगभर लागतात.

२७ एप्रिल २०११ तुम्हाला सांगायला नको. त्या एका दिवसात अलाबामात ६२ टोर्नाडो झाले, टीव्हीएच्या, म्हणजे इथल्या वीज कंपनीच्या, मोठ्या लाइनी आडव्या झाल्या, ब्राउन्स फेरीच्या तिन्ही अणुभट्ट्या बंद पडल्या आणि आमच्याकडं कित्येक दिवस लाइट नाही. टीव्ही नाही, इंटरनेट नाही, फोनची बॅटरी संपली. आम्ही पार्किंगमधे गाडीत बसून रेडिओ ऐकायचो, तोही दहा-दहा मिनिटं, कारण लाइट नाही म्हणजे पंप बंद आणि पेट्रोल जपून वापरायचं. कुठल्या पंपाला जनरेटर आहे, बर्फ कुठं मिळतोय, कर्फ्यू किती वाजता, लोक फोन करून सांगायचे आणि आरजे लगेच हवेत सांगायचा. त्याचा आवाज बसला होता पार. पण तो गावातच होता, त्याच्याही घरी अंधारच असणार, हे त्याच्या बोलण्यातनं कळायचं.

आता गेल्या वसंतातली गोष्ट ऐका. शनिवारची रात्र, टोर्नाडो वॉर्निंग आली, मी सवयीनं एक स्टेशन लावलं (नाव घेत नाही, एकाचंच नाव घेण्यात अर्थ नाही). धोक्याच्या इशाऱ्याचा तो कर्कश टोन वाजला, मशीननं काउंटीचं (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं) नाव वाचलं, आणि मग गाणं सुरू! गाणं संपल्यावर एक बाई हसत हसत म्हणते, मस्त संध्याकाळ आहे, बार्बेक्यू लावा, आणि अरब गावात उद्या जत्रा आहे. साहेब, आमच्या दक्षिणेला जे Arab म्हणून लिहितात ना, त्याला इथली पोरंटोरंसुद्धा 'एरॅब' म्हणतात. 'अरब' म्हणणारी बाई कधी या बाजूला फिरकलेली नाही, तिनं दुपारीच कुठल्यातरी दुसऱ्या राज्यात बसून दहा गावांचं बोलणं रेकॉर्ड करून टाकलं असणार. तासगावला कुणी टासगाव म्हटलं की कसं वाटेल, तसं. मी टोर्नाडोपासून वाचायला बाथटबमधे उशा घेऊन बसलेलो, म्हणून हसू पण येईना. स्टेशनच्या नंबरवर फोन लावला तर मेसेज ठेवा.

हे असं का झालं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहितीय. १९९६ आधी एका कंपनीला देशभरात २० एएम आणि २० एफएम एवढीच स्टेशनं चालायची, कायद्यानं ती मर्यादाच काढली, आणि आज एकट्या आयहार्ट कंपनीकडं ८०० च्या वर आहेत. स्टेशनं घेतली कर्जावर, मग व्याज भागवायला कापायचं काय, तर माणसं. जाहिराती फोनवर गेल्या हेही खरंय, मालकांचंही सोपं नाही, मान्य. पण २०१७ ला गावात स्टुडिओ ठेवायचा नियमच कमिशननं ३ विरुद्ध २ मतांनी काढून टाकला, फक्त एक लोकल किंवा टोल-फ्री नंबर ठेवा म्हणाले, आणि त्या तीन मतांतलं एक तुमचं होतं. आता तुम्हीच जिथं तिथं सांगता की नेटवर्कपेक्षा लोकल स्टेशनांना ताकद दिली पाहिजे. मग?

वर आता एका शहरात एका मालकाला किती स्टेशनं हा नियमही तुम्ही पुन्हा तपासायला घेतलाय. पब्लिक रेडिओचे सरकारी पैसे २०२५ ला काँग्रेसनं, म्हणजे इथल्या संसदेनं, काढून घेतले, तो तुमचा निर्णय नव्हता, ठीक, पण आमचं १९७६ पासूनचं पब्लिक रेडिओ स्टेशन डब्ल्यूएलआरएच त्यात सापडलंच. १९५८ चं डब्ल्यूईयूपी, अलाबामातलं कृष्णवर्णीयांच्या मालकीचं पहिलं स्टेशन, तेही याच गावचं. म्हणजे गावाला रेडिओची हौस नव्हती असं नाही.

जुना नियम जसाच्या तसा परत आणा असं मी म्हणत नाही, स्टुडिओचं भाडं परवडत नसेल एखाद्याला. माझं मागणं एवढंच, की टोर्नाडो वॉच (टोर्नाडो होऊ शकतो असा हवामान खात्याचा आगाऊ इशारा) लागला की ज्या स्टेशनचं लायसन्स त्या काउंटीतल्या गावाचं आहे त्यानं काउंटीतला एक जिवंत माणूस माइकपुढं बसवायचा, वॉच उठेपर्यंत. वॉच बऱ्याचदा काही तास आधी येतो, माणूस बोलवायला वेळ मिळतो. चार स्टेशनांनी मिळून एकच बसवला तरी चालेल. लायसन्स आठ वर्षांचं असतं, रिन्यू करताना विचारा, त्या रात्री कोण होतं, नाव सांगा.

कळावे,
हंट्सविलचा एक श्रोता (मूळचा सांगलीचा)

ता.क. मेसेज मी ठेवला होता. दोन दिवसांनी फोन आला, जाहिरात द्यायचीय का म्हणून.