तिवरांवर औषध मारू नका : वनमंत्र्यांना खुले पत्र

माननीय वनमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस

सादर नमस्कार.

पाऊस ओसरू लागला की ठाणे खाडीकाठची तिवरे, म्हणजे खाऱ्या चिखलात वाढणारी कांदळवनाची झाडे, तपकिरी पडतात. कधी ऐरोलीला, कधी विक्रोळीला. जवळजवळ दरवर्षी कुठे ना कुठे हे होतेच. पुलावरून जाणारी माणसे हबकतात, फोटो फिरू लागतात, ‘कुणीतरी रात्रीत केमिकल सोडलं’ अशी बोलवा उठते आणि पाठोपाठ मागणी येते, कीटकनाशकाची फवारणी करा. ही मागणी आपल्यापर्यंत आली तर ती ठामपणे नाकारावी, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

झाडे मेलेली नसतात. त्यांची पाने अळीने खाल्लेली असतात. ही अळी ज्या पतंगाची, त्याचे शास्त्रीय नाव हायब्लिया प्युएरा. सागाची पाने फस्त करणारी अळी म्हणून वनखाते तिला शंभराहून अधिक वर्षे ओळखते. साग डोंगरउतारावर, तिवर खाऱ्या चिखलात, तरी दोन्ही झाडे वनस्पतीशास्त्राच्या हिशेबात लांबची नातलग आहेत आणि या अळीला दोन्हींची कोवळी पालवी चालते.

हा पतंग दिवसा सापडणे कठीण. पुढचे पंख राखाडी-तपकिरी, त्यातही प्रत्येकाची छटा वेगळी. बसताना तो ते उतरत्या छपराप्रमाणे अंगावर मिटून घेतो, आणि तिवराच्या खोडावर किंवा सुकलेल्या पानावर नजर ठरत नाही. फांदी हलली की तो उडतो, मागच्या पंखांवरचे नारिंगी पट्टे क्षणभर चमकतात, आणि तो पुन्हा टेकला की ते झाकले जातात. पाहणारा नारिंगी काहीतरी शोधत राहतो, समोर असते ती साधी साल.

अळीची लपण्याची तऱ्हा निराळी. तिवराचे पान वरून हिरवे, चकचकीत आणि खालून रुपेरी. पृष्ठभागावर झाडाने बाहेर टाकलेल्या मिठाचे बारीक कण. अळी पानाची कड थोडी कातरते, ती कड रेशमी धाग्याने उलटी ओढून चिकटवते आणि आत शिरते. विड्यासारखी ही घडी नखाने उघडली, तर आत बारीक काळी विष्ठा आणि घाईघाईने मागे सरकणारी अळी दिसते. अळ्या थोड्या असतील तर बहुतेक हिरवट असतात. गर्दी झाली की त्यांचा रंग काळपट होतो. साधारण दोन आठवड्यांत अळीची वाढ पुरी होते, मग कोष, मग पुन्हा पतंग. अळीअवस्था एवढी लहान असते, की बातमी छापून येईपर्यंत आणि निविदा निघेपर्यंत खाणे बहुधा संपलेले असते.

या अळीला ‘कीड’ म्हणण्याची सवय खात्याला सागामुळे लागली, आणि ती समजण्याजोगी आहे. केरळमध्ये निलांबूरच्या साग लागवडीत केरळ वन संशोधन संस्थेने केलेल्या अभ्यासात, तरुण सागाच्या लाकडाची वाढ या अळीमुळे सुमारे ४४ टक्क्यांनी घटत असल्याचे आढळले. लाकूड विकायचे असेल तर हा आकडा गंभीर आहे. पण तिवर आपण घनमीटरवर विकत नाही. ते किनारा धरून ठेवते आणि मासळीच्या पिल्लांना आसरा देते. पाने गेल्यावर काही आठवड्यांत त्याला नवी पालवी फुटते.

आणि औषध मारलेच तर ते कुठे जाईल? दिवसातून दोनदा भरती येते. जे पानावर पडेल ते चिखलात उतरेल, तिथून निवट्या, चिंबोऱ्या आणि कोळंबीत, आणि शेवटी कोळीवाड्यातल्या ताटात. अळ्या टिपायला आलेले कोतवाल आणि साळुंक्या, अळीच्या अंगात अंडी घालणाऱ्या बारीक गांधीलमाश्या, हेही त्याच फवाऱ्याखाली येतील. अळीची साथ आटोक्यात आणणारे तेच तर आहेत! कासारगोडच्या काजूबागांवर हेलिकॉप्टरने एंडोसल्फान हे कीटकनाशक फवारले गेले, त्याची किंमत माणसांनी मोजली, आणि सर्वोच्च न्यायालयाला २०११ मध्ये त्या औषधावर देशभर बंदी घालावी लागली. ती फवारणी जमिनीवरच्या बागांवर होती. इथे तर खाली वाहते पाणी आहे.

मला अळीपेक्षा भीती वेगळ्या गोष्टीची वाटते. उघडी पडलेली तिवरे ‘मेलेली’ दिसतात, आणि मेलेल्या जागेवर राडारोड्याचा डंपर रिकामा करायला कुणाचा हात कचरत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ च्या निकालात कांदळवनांचा नाश हा जगण्याच्या मूलभूत हक्कावरचा घाला मानला आणि भोवती ५० मीटरचा पट्टा राखायला सांगितले. ठाणे खाडीचा फ्लेमिंगो अभयारण्याचा भाग २०२२ पासून आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आहे. हे सगळे कागदावर भक्कम आहे. पण पाने नसलेल्या त्या तीन-चार आठवड्यांत प्रत्यक्ष जागेवर पहारा हवा असतो.

म्हणून विनंती अशी, की कांदळवनात या अळीसाठी कोणतीही रासायनिक फवारणी होणार नाही, असा लेखी आदेश आपल्या कांदळवन कक्षामार्फत काढावा आणि तो महापालिका व सिडकोलाही पाठवावा. तपकिरी पडलेल्या प्रत्येक पट्ट्याची तारखेसह छायाचित्रे घ्यावीत, पालवी फुटल्यावर पुन्हा घ्यावीत, आणि ती लोकांना पाहता येतील अशी ठेवावीत. त्या काळात तिथली गस्त वाढवावी. खाडीकाठच्या शाळांना या पतंगाची माहिती मराठीतून द्यावी. मुले पानाची ती घडी एकदा उघडून पाहतील, तर ‘केमिकल’ची अफवा पुढच्या वर्षी घरातच थांबेल.

हा आदेश यंदाचा पावसाळा ओसरण्यापूर्वी निघावा.

आपली,
ठाणे खाडीकाठची एक रहिवासी