काका, त्या संध्याकाळी तुम्ही मीटर माझ्या हातात दिलात

आदरणीय काका,

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं, म्हणून हे पत्र असं सगळ्यांसमोर लिहिते आहे. मोटरहोमच्या, म्हणजे आमच्या चाकांवरच्या घराच्या, मागे जोडलेली निळी गाडी, चावी फिरवली की नुसती टकटक, आणि आम्हा दोघांचा मराठीतून चाललेला वाद, एवढ्यावरून आम्ही तुम्हाला आठवू.

आम्ही फक्त जम्पर केबल मागितली होती. ती लावून गाडी सुरू झाली असती आणि दुसऱ्या दिवशी आम्ही तसेच पुढे निघालो असतो. तुम्ही केबल आणलीत, पण लावायच्या आधी विचारलंत, "बॅटरी उतरली कशाने, ते नाही बघायचं?"

ओढली जाणारी गाडी बंदच असते, ती वीज खाणार कुठून, अशी माझी समजूत होती. तुम्ही करंट मोजणारा क्लॅम्प मीटर माझ्या हातात दिलात आणि त्याचा चिमटा निगेटिव्ह केबलभोवती धरायला लावलात. चावी काढलेली असताना आकडा शून्याच्या जवळ होता. मग चावी ॲक्सेसरीवर, म्हणजे इंजिन सुरू न करता वीज चालू होते त्या खाचेवर, आणली, कारण चारही चाकं जमिनीवर ठेवून ओढताना आमच्या गाडीचं स्टिअरिंग लॉक त्याशिवाय सुटत नाही. आकडा चढत गेला आणि ४.८ अँपिअरवर थांबला. डॅशबोर्ड, रेडिओ, आतले कंट्रोल युनिट सगळे जागे, वर ब्रेकचं पेडल दाबणारं यंत्रही त्याच बॅटरीवर; आणि इंजिन बंद म्हणजे बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर बंद. "आठ तास चाललात ना? ६० अँपिअर-तासांच्या बॅटरीतले ३८ गेले," तुम्ही म्हणालात. मला इतकं सोपं गणित कुणीच घालून दाखवलं नव्हतं.

मी लगेच म्हणाले, मग ओढताना बॅटरीचं टर्मिनलच काढून ठेवते. तेव्हा तुमचा आवाज एकदम बदलला. टो बार, म्हणजे दोन्ही गाड्या जोडणारा दांडा, तुटून गाडी मोकळी झाली तर ब्रेकअवे पिन ओढली जाऊन निघते आणि मागच्या गाडीचे ब्रेक आपोआप लागतात, पण आमच्या यंत्रात त्यासाठी लागणारा करंट त्याच बॅटरीतून येतो. टर्मिनल काढलं तरी आणि बॅटरी उतरली तरी परिणाम एकच. काका, हे ऐकल्यावर माझ्या पोटात गोळा आला. त्या दिवशीचे शेवटचे काही तास आमच्या मागे बहुधा ब्रेक नसलेली गाडी धावत होती. मी मात्र सकाळी गाडी सुरू होईल का, एवढ्याच काळजीत होते.

गाडीच्या पुस्तिकेत टोइंगचं पान आहे, हेही तुम्हीच शोधायला लावलंत. कोणता फ्यूज काढायचा ते तिथे स्पष्ट छापलेलं होतं. तो काढल्यावर ४.८ चे १.१ अँपिअर झाले. प्रत्येक गाडीचं वेगळं असतं, दुसऱ्याचं ऐकून फ्यूज ओढू नका, हे तुम्ही दोनदा बजावलंत. तेच मी आता इतरांना सांगते.

चार्जिंगची वायर आम्ही घरी आल्यावर टाकली, तुम्ही कागदावर काढून दिली होती अगदी तशी. मोटरहोमच्या अल्टरनेटरवरून येणारी, टो बारजवळच्या प्लगमधून गाडीच्या बॅटरीपर्यंत जाणारी. दुकानातला माणूस २.५ स्क्वेअर एमएमची वायर देत होता. मी ६ चीच मागितली, कारण एवढ्या लांबीत बारीक वायर व्होल्टेज खाते, हे तुमचं वाक्य लक्षात होतं. दोन्ही टोकांना, बॅटरीच्या अगदी जवळ, १५ अँपिअरचे ब्रेकर, म्हणजे करंट फार वाढला की लाइन तोडणारे स्विच, बसवले. वायरला दोन्हीकडून बॅटरी असते, त्यामुळे मध्ये कुठे घासून शॉर्ट झाली तर एका टोकाचा ब्रेकर पुरत नाही. मोटरहोमचं इंजिन बंद झालं की लाइन तोडणारा रिलेही टाकला, नाहीतर रात्री मोटरहोमनेच गाडीची बॅटरी ओढली असती. अर्थिंग टो बारच्या भरवशावर न ठेवता वेगळ्या वायरने घेतलं, रंग खरवडून, चकचकीत पत्र्यावर.

गेल्या आठवड्यात पुन्हा आठ तास चाललो. मोटरहोमचं इंजिन चालू असताना गाडीच्या बॅटरीवर १३.६ व्होल्ट होते. तुमच्या त्या संध्याकाळी ११.४ होते. मुक्कामाला पोहोचल्यावर, मोटरहोमचं इंजिन बंद करून, काही सोडवायच्या आधी मी ब्रेकअवेची पिन ओढली. हे आता गाडीत बसून पाहतात; आतून ओरडले, "दाबलं गेलं!" मी खिडकीतून वाकून पाहिलं, तर पेडल खाली गेलं होतं आणि पिन परत बसवेपर्यंत खालीच राहिलं. तेव्हा तुमची फार आठवण झाली, काका. मनापासून आभार.

तुमची,
निळ्या गाडीवाली