बाळाला घरी कधी सोडायचं, हे शिकवणाऱ्या सिस्टरना

सिस्टर,
सप्रेम नमस्कार.

ब्रॉन्किओलायटिसवर औषध नाही. आरएसव्ही किंवा तसलाच एखादा विषाणू बाळाच्या छातीतल्या बारीक श्वासनलिकांना सूज आणतो, आत चिकट स्राव साचतो आणि काही दिवसांनी सूज आपोआप उतरायला लागते. तोवर आपण द्यायचं ते एवढंच: लागला तर ऑक्सिजन, आणि नळीतून दूध किंवा शिरेतून सलाइन. म्हणजे कॅज्युअल्टीतल्या निवासी डॉक्टरच्या हातात खरं काम उरतं ते कोणतं बाळ ठेवून घ्यायचं आणि कोणतं घरी पाठवायचं, हे ठरवण्याचं. पुस्तकात हे दोन ओळींत उरकलेलं असतं. प्रत्यक्षात ते कसं करायचं, हे आमच्या बॅचला तुम्ही शिकवलंत. त्याचे आभार मानायला हे पत्र. उघड लिहितोय ते अशासाठी, की तुमची पद्धत ग्रामीण रुग्णालयात रात्रपाळी करणाऱ्यांच्याही कामी यावी.

तुमचा पहिला नियम: आधी नाक, मग आकडे. एवढी लहान बाळं मुख्यतः नाकानेच श्वास घेतात. नाक चोंदलं की श्वास वाढतो, छाती ओढते, दूध सुटतं, आणि निम्मा आजार नाकातच बसलेला असतो. दोन्ही नाकपुड्यांत नॉर्मल सलाइनचे दोन-तीन थेंब, मिनिटभर थांबायचं, मग नाकाच्या तोंडाशीच हलकं सक्शन, म्हणजे नळीने स्राव ओढून काढणं. नळी घशापर्यंत घालू पाहणाऱ्याचा हात तुम्ही धरायचात, आणि बरोबरच होतं. खोल सक्शनने आतली सूज वाढते, आणि अशा बाळांचा मुक्काम लांबल्याचं अभ्यासांतही दिसलं आहे. सक्शननंतर बाळ रडतं, म्हणून लगेच मोजायचं नाही. आईच्या मांडीवर दहा मिनिटं शांत होऊ द्यायचं.

मग झबलं वर करून पूर्ण एक मिनिट मोजायचं. पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं की दोन श्वासांची चूक आठ श्वासांची होते, शिवाय लहान बाळ मध्येच थांबून भराभर श्वास घेतं ते वेगळंच. ताप असेल तर पॅरासिटामॉल किलोला १५ मिलिग्रॅम, ताप उतरल्यावर पुन्हा मोजणी. नजर नुसत्या आकड्यावर ठेवायची नाही. बरगड्यांखाली खड्डा पडतो का, नाकपुड्या फुलतात का, श्वासागणिक डोकं हलतं का, आणि सगळ्यात वाईट म्हणजे बाळ कण्हतं का. कण्हणारं बाळ घरी जात नाही, मग ऑक्सिमीटरवर काही का असेना. ७० च्या वर श्वास असलेलंही नाही.

ऑक्सिमीटरचा प्रोब लावायच्या आधी तुम्ही तळपायावरची काजळाची तीट ओल्या कापसाने पुसता, वाळा वर सरकवता आणि पाय गार असेल तर हातात धरून ऊब देता. प्रोब पावलाच्या बाहेरच्या कडेला, दिवा आणि सेन्सर समोरासमोर. पडद्यावरची लाट एकसारखी आली आणि नाडीचा आकडा स्टेथोस्कोपने मोजलेल्या ठोक्यांशी जुळला, तरच रक्तातल्या ऑक्सिजनचा तो टक्का केसपेपरवर. चौऱ्याऐंशी टक्के बघून घाबरलेल्या इंटर्नला तुम्ही आधी लाट बघायला लावता, ती आडवीतिडवी असते, आणि प्रोब नीट लावल्यावर पंच्याण्णव येतात.

या टक्क्यांवर जगभर बराच काथ्याकूट झाला आहे, आणि तुमचं म्हणणं त्यातून खरंच ठरलं. ब्रिटनमधल्या आठ रुग्णालयांत ६१५ बाळांवर झालेला अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या बाळांच्या ऑक्सिमीटरमध्ये असा बदल केला होता, की खरे ९० टक्के असताना पडद्यावर ९४ दिसावेत. ९० चालवून घेतलेली बाळं लवकर घरी गेली, आणि खोकला थांबायला दोन्ही गटांत सारखेच म्हणजे साधारण १५ दिवस लागले. टोरांटोच्या संशोधकांनी तर घरी पाठवलेल्या ११८ बाळांना पडदा झाकलेले ऑक्सिमीटर लावून दिले होते. ६४ टक्के बाळांचा ऑक्सिजन घरी कधी ना कधी मिनिटभर तरी ९० च्या खाली गेला, पण ती बाळं इतरांपेक्षा जास्त वेळा दवाखान्यात परतली नाहीत. म्हणजे झोपेत क्षणभर ८८ दिसले म्हणून सोडायचं रद्द करण्यात अर्थ नाही. टिकून काय राहतं ते बघायचं. ब्रिटनच्या नाइस संस्थेची मार्गदर्शक सूचना तेच सांगते: सहा आठवड्यांवरच्या बाळाला ९० टक्के, त्याहून लहान किंवा आधीचा मोठा आजार असलेल्याला ९२, ऑक्सिजन काढून चार तास, आणि त्यात एक झोप झालेली हवी.

इथे तुम्ही घातलेली भर आम्हाला फार मोलाची वाटते. सावळ्या त्वचेवर ऑक्सिमीटर खऱ्यापेक्षा थोडा जास्त आकडा दाखवू शकतो. मशीनची स्वतःची दोन-तीन टक्क्यांची चूक असतेच. म्हणून जेमतेम ९० वर टेकलेलं बाळ आपल्याकडे ‘पास’ नाही. त्याला आणखी एक दूध आणि आणखी एक झोप बघायची.

आता दूध. तुमच्या लेखी खरी परीक्षा हीच. आईला ‘दूध पितंय का’ असं विचारलं की उत्तर ‘हो’ येतं, कारण बाळ तोंड लावतंच. तुम्ही विचारता, ‘कालपासून किती वेळा, किती वेळ, आणि मध्ये सोडून धापा टाकतंय का?’ आणि मग समोर पाजायला लावता. अंगावरचं असेल तर गिळल्याचा आवाज ऐकायचा. वरचं असेल तर घरून आणलेली वाटी किंवा बोंडलं ५० मिलीच्या सिरिंजने मोजून घ्यायचं, म्हणजे ‘दीड वाटी’चा हिशेब लागतो. पाच किलोच्या बाळाला दिवसाला किलोमागे १५० मिली धरलं तर ७५० मिली, आठ वेळांत प्रत्येकी ९५ च्या आसपास. त्यातलं ७० मिलीच्या वर जात असेल तर ठीक. ५० च्या खाली येत असेल तर बाळ राहणार. मधल्या बाळांना थोडंथोडं, पण दुप्पट वेळा पाजून बघायचं. श्वास फार जोरात असताना पाजायचा आग्रह धरायचा नाही, दूध श्वासनलिकेत जायची भीती असते. सोबत शूचा हिशेब: बारा तासांत लंगोट ओला नसेल तर बाकी कितीही छान असो, बाळ राहणार.

वाफेबद्दल, म्हणजे मशीनने औषधाची वाफ देण्याबद्दल (नेब्युलायझेशन), तुम्ही आमच्याशी आणि नातेवाइकांशी जे वाद घातलेत, त्यांचेही आभार. गावातल्या डॉक्टरने मशीन लावलं होतं, तुम्ही का लावत नाही, हा प्रश्न रोजचा. सालब्युटामॉल, ॲड्रेनालिन, स्टेरॉइड, अँटिबायोटिक, यातलं काहीही साध्या ब्रॉन्किओलायटिसमध्ये नेहमीसारखं द्यायचं नाही, कारण त्याने मुक्काम कमी होत नाही. धोका दुसराच आहे. नेब्युलायझेशननंतर बाळ दमून वा सुखावून अर्धा तास शांत दिसतं, आणि नेमक्या त्याच अर्ध्या तासात डिस्चार्जचा कागद लिहिला जातो. २००८ मध्ये आलेल्या अमेरिकेतल्या ३० इमर्जन्सी विभागांच्या अभ्यासात, सुखरूप घरी जाणाऱ्या बाळांची जी लक्षणं निघाली त्यांत पहिल्या तासात कमी वेळा नेब्युलायझेशन लागणं हे एक होतं. बाकीची म्हणजे वय दोन महिन्यांच्या पुढे, छाती न ओढणं किंवा थोडीच ओढणं, आल्याआल्या ऑक्सिजन ९४ किंवा जास्त, पुरेसं दूध, वयाच्या मानाने कमी श्वास, आणि पूर्वी कधी श्वासनळीत नळी घालावी न लागणं. या यादीत एक्झिमाचा, म्हणजे खाज आणणाऱ्या त्वचारोगाचा, पूर्वेतिहासही आहे, म्हणजे तो असलेली बाळं जास्त सुखरूप! त्याचं कारण चहाच्या वेळी पुष्कळ जणांनी सांगून पाहिलं, तुम्हाला एकही पटलं नाही.

आजाराचा दिवस कितवा, हे काढायची तुमची हातोटी वेगळीच. तिसऱ्या ते पाचव्या दिवशी हा आजार भरात असतो. आज दुसरा दिवस आणि ५५ श्वास असलेलं बाळ उद्या आणखी बिघडू शकतं. तेवढेच श्वास सहाव्या दिवशी असतील तर ते उतारावर आहे. पण आई दिवस मोजते ते धाप लागल्यापासून, सर्दीपासून नाही. म्हणून तुम्ही ‘किती दिवस झाले’ असं विचारतच नाही. ‘बाजाराच्या दिवशी नाक गळत होतं का? त्याच्या आदल्या दिवशी?’ असं मागे मागे नेता. केसपेपरवर ‘आजाराचा दिवस’ हा वेगळा रकाना तुमच्यामुळे आला.

वयाच्या बाबतीत मात्र तुम्ही तडजोड करत नाही. पूर्ण दिवसांचं पण महिन्याच्या आतलं बाळ, किंवा अपुऱ्या दिवसांचं असून गर्भधारणेपासून ४८ आठवडे न भरलेलं, यांचा श्वास अचानक थांबू शकतो, आणि तेव्हा छाती अगदी साफही असू शकते. ३२ व्या आठवड्यात जन्मलेलं अडीच महिन्यांचं गुटगुटीत बाळ आम्हाला मोठं वाटतं. तुम्ही बोटांवर ३२ आणि १० मिळवून ४२ सांगता आणि खाट तयार करता. ‘मध्येच श्वास घ्यायचा थांबलं होतं, निळं पडलं होतं’ असं घरच्यांनी सांगितलं, तर आपल्यासमोर काही झालं नाही म्हणून ते सोडून द्यायचं नाही. जन्मजात हृदयरोग, फुप्फुसाचा जुना आजार, स्नायू दुबळे असणं, प्रतिकारशक्ती कमी असणं, इथेही तोच न्याय.

आणि घर. कागदावर सगळं जुळलं तरी तुमचे प्रश्न संपत नाहीत. पाडा किती लांब, रात्री गाडी कोणाची मिळेल, मोबाइलला रेंज आहे का, बाळाजवळ रात्री कोण. शेवटची एसटी गेली असेल आणि बाळ तिसऱ्या दिवसात असेल, तर ते सकाळपर्यंत इथेच. परदेशी तक्त्यांमध्ये याला एक ओळ असते, आपल्याकडे निम्मा निर्णय इथे होतो. चूल कुठे, विडी कोण ओढतं, आणि अंघोळीनंतर ओवा-वेखंडाची धुरी चालू आहे का, हेही तुम्ही आजीलाच विचारता, कारण धुरी बंद करायचा अधिकार तिचाच असतो. नाकात तेल नको, कापूर नको. कफ सिरप तर नकोच. केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानेही ऑक्टोबर २०२५ मध्ये दोन वर्षांखालच्या मुलांना खोकला-सर्दीची औषधं देऊ नका असं बजावलं.

तुमची निरोपाची चिठ्ठी आम्ही आता सगळ्या पाळ्यांमध्ये वापरतो. दूध निम्म्यावर आलं, बारा तास शू नाही, बरगड्यांखाली खड्डे पडायला लागले, कण्हणं, ओठ-जीभ निळी, श्वास थांबणं, उठवूनही नीट जागं न होणं: यातलं एकही दिसलं की १०८ ला फोन, सकाळची वाट बघायची नाही. खोकला दोन-तीन आठवडे राहील, त्यासाठी डॉक्टर बदलत फिरू नका. चिठ्ठी वाचून दाखवल्यावर तुम्ही आईलाच बाळाच्या छातीवर बोट ठेवून खड्डा कुठे पडतो ते दाखवायला सांगता. शिवाय तिच्याच मोबाइलवर उघड्या छातीचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढून देता. रात्री दोन वाजता ‘वाढलंय की तेवढंच आहे’ हे ताडून बघायला तिच्याजवळ काहीतरी असतं. ही युक्ती आम्हाला कुठल्याच मार्गदर्शक सूचनेत सापडलेली नाही.

गर्दीच्या दिवसांत एका खाटेवर दोन बाळं असताना चार तास निरीक्षणाला जागा कुठून आणायची, यावर तुमचं-आमचं अजून एकमत नाही. ओपीडीच्या बाकावर आयांना बसवून, दर तासाला फेरी मारून निरीक्षण करायची तुमची सूचना आम्ही विभागप्रमुखांकडे लेखी दिली आहे. फेरीचा तक्ता तुम्हीच आखून द्यावा, ही विनंती.

तुमचे आभारी,
बालरोग विभागातले निवासी डॉक्टर