मा. पालकमंत्री महोदय, पालांवरच्या मुलांचे दोन थेंब कुठे अडले?

मा. पालकमंत्री महोदय,
सविनय नमस्कार.

गेल्या रविवारी आपण ग्रामीण रुग्णालयात एका बाळाला डोस पाजून तालुक्याच्या पोलिओ मोहिमेचं उद्घाटन केलंत. फोटो सगळ्या पेपरांत आला. त्याच वेळी आमच्या रोटरी क्लबची मंडळी तिथून सहा-सात किलोमीटरवर, ऊसतोड कामगारांच्या पालांवर फिरत्या पथकाची वाट बघत होती. हे पथक पाठवायचं नियोजनाच्या बैठकीत आपल्यासमोर ठरलं होतं. आपण होकार दिलात, अधिकाऱ्यांनी लिहून घेतलं. त्या भरवशावर आम्ही मुकादमांना गाठलं आणि त्या दिवशी मुलं फडावर न नेता पालावर ठेवायला लावली. बीडकडून आलेल्या एका जोडीने त्यासाठी अर्ध्या दिवसाची तोड सोडली. उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन आलेल्या माणसाला खाडा किती महागात पडतो, हे आपल्याला ठाऊक आहे.

दुपारी फोन लावला तर उत्तर मिळालं, "गाडी उद्घाटनाच्या ड्युटीला आहे."

पथक आलं नाही. सोमवारपासून घरोघरची फेरी झाली, तीही पालांकडे फिरकली नाही. डोस झालेल्या घरावर खडूने पी लिहितात, राहिलेल्या घरावर एक्स. पालाला भिंतच नसते. त्यामुळे तिथली चाळीसेक मुलं 'राहिलेली' म्हणूनसुद्धा कुठे नोंदली गेली नाहीत. त्यांच्या डाव्या करंगळीवर शाईची खूण नाही आणि तालुक्याचं काम मात्र शंभर टक्क्यांच्या वर दाखवलंय. साहेब, शंभराच्या वर जायला मुलं आणली कुठून?

मी रागात लिहितेय आणि त्याला कारण आहे. 1974 साली, वयाच्या दुसऱ्या वर्षात असताना, मला ताप आला. गावातल्या डॉक्टरने कमरेत इंजेक्शन दिलं आणि दोन दिवसांत उजवा पाय लुळा पडला. पोलिओचा विषाणू अंगात असताना असं इंजेक्शन दिलं तर लुळेपणाचा धोका वाढतो, हे माझ्या आईला कुणी सांगितलं नव्हतं. "मीच तुला तिथे नेलं" असं ती शेवटपर्यंत म्हणत राहिली. तेव्हापासून कॅलिपर. लोखंडी पट्ट्या, चामड्याचे पट्टे, गुडघ्याची खटकी. पावसाळ्यात चामडं ओलं राहतं आणि मांडी सोलून निघते. आता पन्नाशीनंतर इतकी वर्षं सगळा भार सोसलेला डावा पायही थकलाय. नव्या कॅलिपरसाठी शिबिरात माप घेऊन गेले, कॅलिपर अजून आलेला नाही. अपंगत्वाच्या नव्या प्रमाणपत्रासाठी बोलावलं ते दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद! कठड्याला धरून चढले. पोलिओने गेलेला पाय परत येत नाही, तरी तो गेलाय हे पुन्हा पुन्हा सिद्ध करायला लावणारी ही कुठली व्यवस्था?

आणि याच देशाने पोलिओ हटवून दाखवलाय. 2009 मध्ये भारतात 741 रुग्ण होते, जगातल्या जवळपास निम्मे. शेवटचा रुग्ण 13 जानेवारी 2011 चा, हावड्याची एक लहान मुलगी. 27 मार्च 2014 ला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. ते उद्घाटनांनी मिळालं नाही. बिहारात कोसीच्या पुरातल्या वस्त्यांवर, वीटभट्ट्यांवर, धावत्या रेल्वेत डोस पाजले गेले, कारण भटकणाऱ्या माणसांची मुलंच सुटतात हे तेव्हाच्या लोकांनी ओळखलं होतं. कोसीचं पाणी ओलांडता आलं आणि आपल्याला कारखान्याचा रस्ता ओलांडता येत नाही?

रोटरीने हे काम 1985 पासून अंगावर घेतलंय. 1988 मध्ये जागतिक मोहीम सुरू झाली तेव्हा सव्वाशे देशांत पोलिओ होता. आज मूळ विषाणू पाकिस्तान आणि अफगाणिस्तानात उरलाय. जगभरच्या रोटेरियननी यासाठी दोन अब्ज डॉलरहून अधिक पैसा उभा केलाय. त्यात आमच्या क्लबातल्या कापड दुकानदाराचे, निवृत्त शिक्षकांचे पैसे आहेत. आम्ही बॅनर लावू, रिक्षा फिरवू, बूथवर चहा-नाश्ता देऊ. पण लस आमच्या हातात नसते, ती सरकारच्या शीतपेटीत असते.

"आता कुठे राहिलाय पोलिओ?" असं बैठकीत एक अधिकारी म्हणाले. 2010 मध्ये उत्तर प्रदेशातला विषाणू थेट ताजिकिस्तानात पोचला होता. गाझामध्ये 25 वर्षांनी, 2024 मध्ये, दहा महिन्यांचं बाळ लुळं पडलं. विषाणू सीमा पाळत नाही आणि आपला शंभर टक्क्यांचा अहवाल तर मुळीच वाचत नाही.

चूक झाली की बळी खालच्याचाच जातो. जानेवारी 2021 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात बारा मुलांना डोसाऐवजी सॅनिटायझर पाजलं गेलं, तेव्हा कारवाईचा बडगा गावपातळीवर काम करणाऱ्यांवर पडला. ती चूक भयंकरच होती. पण पेटी कुणी तपासायची, प्रशिक्षण कुणी द्यायचं, हे वरच्यांना कुणी विचारलं? आताही एखाद्या आशाताईला नोटीस काढून विषय मिटवू नका. बिचाऱ्यांचा मोहिमेचा भत्ता आधीच महिनोन्महिने रखडतो. गाडी कुणी वळवली, ते शोधा.

गाळप संपलं की टोळ्या गावी परततील, मग ही मुलं कुणाच्याच यादीत नसतील. मुकादमांकडून घेतलेली मुलांची नावं आणि वयं या पत्रासोबत आपल्या कार्यालयात दिली आहेत. पथक पाठवाल तेव्हा पहाटे पाचच्या आत नाहीतर संध्याकाळी सातनंतर पाठवा. मधल्या वेळात पालावर कुणी नसतं, पोरं आईबापाबरोबर फडात असतात.

कळावे,
रोटरी क्लबची एक सदस्य